अंगणातली कॉन्टेसा

फरिदाबादला माझ्या मावसभावाच्या घरामागे, पेरूच्या झाडाखाली, १९८६ची एक कॉन्टेसा उभी असते. गेल्या दोन वर्षांत मी तिला पाच वेळा भेटलो. पहिल्या भेटीत दादाने बॉनेट उघडलं, मी आत डोकावलो आणि मला वाटलं, इथे चोरी झालेली दिसते. बाहेरून बघावं तर नाक एवढं लांबरुंद की त्यावर चौघांची पंगत बसावी. आत मात्र इंजिन म्हणून जे होतं ते रिकाम्या वाड्यात एकटाच हंडा ठेवावा तसं. त्याच्या शेजारी गाडीचं काम करणाऱ्या उस्तादजींचा पान्ह्यांचा अख्खा डबा मावला होता, वर चहाचा ग्लासही.

"बाकीचं कुठंय?" मी विचारलं.

"एवढंच देऊन पाठवलं होतं," दादा म्हणाला.

गाड्यांचं वेड असलेली मंडळी कॉन्टेसाला भारताची मसल कार म्हणतात. हा शब्द मूळचा अमेरिकेचा, आणि तिथे या कुळाची सुरुवात बहुतेक जण १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून सांगतात. मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं आणि ३२५ अश्वशक्ती मोकळी सोडायची, एवढीच युक्ती. कॉन्टेसा १९८४ साली बाजारात आली तेव्हा तिच्यात इंजिन होतं दीड लिटरचं आणि ताकद जेमतेम पन्नास अश्वशक्तीची. जीटीओच्या तबेल्यात साडेसहा घोडे तिथे आमच्याकडे एक. पैलवानाचा अंगरखा, आत कारकून.

पण अंगरखा अस्सल होता. कॉन्टेसाचा सांगाडा म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची १९७२ ते १९७८ या काळात बनलेली व्हिक्टर. व्हॉक्सहॉल होती जनरल मोटर्सच्या मालकीची, त्यामुळे इंग्लंडात जन्मूनही या गाडीची ठेवण अमेरिकी: लांब बॉनेट, मागच्या चाकाच्या वर कमरेसारखा उचललेला पत्रा, ताकद मागच्या चाकांना. तिकडे ती बंद झाल्यावर तिचे साचे हिंदुस्थान मोटर्सने घेतले आणि कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला, अ‍ॅम्बॅसिडर जिथे बनायची त्याच कारखान्यात आणले. परवान्यांचा आणि परकीय चलनाच्या चणचणीचा काळ. नवं इंजिन आणायचं कुठून? घरात अ‍ॅम्बॅसिडरचं होतं, तेच बसवलं.

ते इंजिन तरी कुठलं? ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, १४८९ घनसेंटिमीटरचं, ज्याला बी-सिरीज म्हणतात. याच मापाचं, याच कुळातलं इंजिन १९५५ साली एमजीए नावाच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये बसलं होतं. म्हणजे फरिदाबादच्या पेरूखाली जे उघडं पडलं होतं ते १९५५च्या इंग्रजी खेळकर गाडीचं चुलतभावंड, पुढे आयुष्यभर टॅक्सी आणि कलेक्टर ओढून पोक्त झालेलं. हे कळल्यावर मला त्याची कीव वाटेनाशी झाली.

त्याच्या मापांत त्याचा स्वभाव लिहिलेला आहे. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची वरखाली धाव ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. नळकांडं अरुंद, धाव लांब. अशा इंजिनात पिस्टनला प्रत्येक फेरीत लांबचा पल्ला गाठावा लागतो, म्हणून ते फार वेगाने फिरायला नाखूष असतं. पण कमी वेगात नेटाने ओढतं, बैलासारखं. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉन्टेसाला जपानच्या इसुझूचं १८१७ घनसेंटिमीटरचं इंजिन मिळालं, त्याचा व्यास ८४ आणि धाव ८२. तोंड रुंद, पल्ला आखूड. ते ८८ अश्वशक्ती देई आणि ओरडायला तयार असे. व्यास धावेपेक्षा मोठा की लहान, या एका फरकात दोन गाड्यांचे दोन स्वभाव.

आता ही साडेतीन इंचांची धाव जरा सावकाश बघा. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतंय, म्हणजे गाडी आरामात चाललीय. तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली जातो. प्रत्येक टोकाला त्याला पूर्ण थांबावं लागतं. सेकंदात शंभर वेळा तो ठप्प थांबतो आणि उलटा निघतो, आणि या थांब्यांच्या मध्ये त्याचा सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटर पडतो. हे सगळं तेलाच्या अशा पडद्यावर, जो डोक्याच्या केसापेक्षा पातळ. मी उस्तादजींना हे कौतुकाने सांगायला गेलो. त्यांनी लेथवरून बोअरिंग करून आणलेल्या ब्लॉकमध्ये माझं बोट घातलं आणि म्हणाले, "देखिए."

भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल असं मला वाटलं होतं. बोटाला बारीक खरखर लागली. टॉर्च मारला तर तिरप्या रेघांची जाळी, एकमेकींना छेदणारी, चटईसारखी. ती मुद्दाम पाडलेली असते. अगदी गुळगुळीत भिंतीवर तेल थांबत नाही, घरंगळून जातं. या ओरखड्यांत ते अडकून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्यावरून सरकतात. यंत्रातला सर्वांत नाजूक पृष्ठभाग मुद्दाम ओरबाडून तयार करतात, हे मला पन्नाशीत कळलं.

इंजिन मात्र या कामातला सोपा भाग. जिवावर येतो तो पत्रा.

मुंबई-पुण्याचे जुन्या गाड्यांचे शौकीन उत्तरेकडच्या गाड्या शोधत असतात, त्यामागे कारण आहे. मुंबईच्या हवेत मीठ असतं. पाण्याच्या थेंबात मीठ मिसळलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं हे मुळात विजेचंच काम आहे. आपल्याला वाटतं, लोखंड हवेने गंजतं, तर जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. होतं नेमकं उलटं. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एकच थेंब ठेवून हे दाखवलं होतं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो, मध्यभागी कमी पोहोचतो. मग कडा आणि मध्य यांची एक इवलीशी बॅटरी तयार होते आणि खाल्लं जातं ते मधलं लोखंड, जिथे ऑक्सिजन कमी. एका थेंबात अख्खा विद्युतघट.

म्हणूनच गाडी गंजते ती जिथे चिखल साठतो, दोन पत्रे एकावर एक बसतात, दाराच्या तळाशी पाणी निथळत नाही तिथे. डोळ्यांना दिसणारा, वारा लागणारा भाग शाबूत, आणि आतून पोखरण. वर गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं, त्यामुळे दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेला गंज सांधा आतून फुगवून उसवतो. दादाच्या गाडीचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बाहेरून धडधाकट दिसत होता. उस्तादजींनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत नेलं. टण, टण, टण, आणि मग भद्द. कलिंगड घेताना आपण ठोकतो तसंच. भद्द वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हर पापडात घुसावा तसा गेला.

तरी दिल्लीकडचा पत्रा पुष्कळ बरा. हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, समुद्र दूर. दिल्ली गाडीला वेगळ्या जागी चावते. मे-जूनचं पंचेचाळीस अंशांचं ऊन रंगाचं पीठ करतं, आणि रबराचा तर जीवच घेतं. काचांच्या कडेचं, दारांचं, नळ्यांचं सगळं रबर हातात कुस्करलं गेलं. त्याला ऊन एकटं जबाबदार नाही. वाहनांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि ओझोन रबराच्या लांब साखळ्या नेमक्या त्यांच्या दुहेरी बंधांवर तोडतो. ताणलेल्या रबरावर मग आडव्या भेगा पडतात. जुनी गाडी दिल्लीची हवा बिघडवते असं कायदा म्हणतो, आणि ते खरंच आहे. दिल्लीच्या हवेनेही फिटंफाट करून टाकली आहे, एवढंच.

पत्र्यावरचा पोचा काढणं मी लहानपणापासून रस्त्यावर पाहत आलो होतो. हातोडी आणि मागून लोखंडी डॉली धरून ठोकायचं, की झालं. ते कधीच एवढ्यावर होत नाही. ठोकलेला पत्रा पसरतो, पोळी लाटावी तसा. पसरलेला जास्तीचा पत्रा जाणार कुठे? त्याचा फुगा येतो. अंगठ्याने दाबला की आत, सोडला की बाहेर, टुक-टुक. डब्याचं झाकण वाजतं तसा. आता त्याला लहान कसा करायचा? कात्री चालवता येत नाही, हातोडी मारली तर आणखी वाढतो.

उस्तादजींनी गॅसची बारीक ज्योत फुग्याच्या मधोमध धरली. रुपयाएवढा ठिपका लालबुंद झाला. लोखंड तापलं की प्रसरण पावतं हे आपण शाळेत शिकलो, त्यामुळे फुगा वाढायला हवा. वाढायला निघतोही, पण चहूबाजूंनी थंड, ताठ पत्रा त्याला जागा देत नाही. तापलेला ठिपका मऊ असतो, बाहेर सरकता येत नाही म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. मग ओलं फडकं. चर्र आवाज झाला, ठिपका आक्रसला, आणि आक्रसताना आजूबाजूचा पत्रा स्वतःकडे ओढून घेतला. असे पाच-सहा ठिपके दिल्यावर टुक-टुक बंद. पत्रा ताणून बसला, वर टिचकी मारली तर टणत्कार.

मला हलगी आठवली. गावाकडे हलगीवाला वाजवण्याआधी शेकोटीवर हलगी तापवतो आणि ढिला पडलेला आवाज कडक होतो. तिथे कातड्यातली ओल जाते, इथे लोखंडाचे कण नव्याने बसतात. कारणं निराळी, पण विस्तवाने एखादी गोष्ट घट्ट होते ही नवलाई दोन्हीकडे एकच. तिसऱ्या भेटीत दोन दिवस मी फक्त हे बघत बसलो. दादाने चिडून शेवटी सँडपेपर हातात दिला.

घासायला बसल्यावर गाडी मागे मागे जाऊ लागली. वरचा करडा रंग, त्याखाली मरून, मग लांबीचा जाड थर, कुणीतरी कधी घाईत पोचा बुजवलेला. लांबीच्या खाली फिकट पिवळसर पांढरा. हा कारखान्यातला. देवाच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच गळून पडतं आणि आत वेगळंच मुखकमल निघतं, तसं काहीसं. दादा त्या नखाएवढ्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. गाडी त्याच्या सासऱ्यांची. त्यांनी ती घेतली तेव्हा ती या रंगाची होती, आणि घरात कुणालाच ते आठवत नव्हतं.

आणि इथे आमचं भांडण झालं.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द फार सैल वापरतात. गावोगावी हेमाडपंती देवळांना जीर्णोद्धार म्हणून ऑइल पेंट फासलेला आपण पाहतो, गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स लावलेल्या पाहतो. भक्तीत खोट नसते, पण शिळा गेली ती गेली. दादाची इच्छा होती की एवढं सगळं करतोच आहोत तर इसुझूचं इंजिन टाकू, पाच गिअरचा गिअरबॉक्स टाकू, एसी टाकू. कॉन्टेसाच्याच घराण्यातलं इंजिन, कॉन्टेसातच बसणार, त्यात बाटवाबाटवी कसली? मी म्हटलं, हा ऑइल पेंट आहे. तो म्हणाला, तुझ्या पुण्यात बसून बोलायला काय जातं. दोघांचंही खरं होतं, आणि निकाल लावला तो कायद्याने.

हा कायदा समजून घेण्यासारखा आहे, कारण जगात जुन्या गाड्यांची अशी कोंडी क्वचितच कुठे असेल. दिल्ली आणि भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवता येणार नाहीत, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढे दिल्लीच्या पंपांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आले. १ जुलै २०२५पासून अशा गाड्यांना पेट्रोलच द्यायचं नाही असं ठरलं, आणि काही दिवसांत ते मागेही घेतलं गेलं. त्या वर्षी न्यायालयातही हे प्रकरण पुन्हा हललं. पण १९८६च्या गाडीला या हलण्याने काही सुटका नाही. फरिदाबाद याच क्षेत्रात येतं. रस्त्याच्या हिशेबाने ती केव्हाच म्हातारी झाली.

दुसरीकडे जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या दुचाकी-चारचाकीला नोंदणी मिळते, वेगळा क्रमांक मिळतो, त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. रोज वापरायची नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. म्हणजे दिल्लीत अशी जुन्या काळची पेट्रोलची गाडी पंधराव्या वर्षी भंगार होते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं तिने कुठे काढायची ते कुणी लिहिलेलं नाही. दिल्लीतली ‘स्टेट्समन’ रॅली १९६४पासून भरते. तिथे कॉन्टेसापेक्षा थोराड गाड्या फुलांच्या माळा घालून मिरवतात. त्या म्हाताऱ्या कुणी रोखल्या नाहीत. आमच्या कॉन्टेसाचं पाप एवढंच की ती पुरेशी म्हातारी नाही.

त्यात खरी मेख पुढे आहे. व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत होईल असा बदल मालकाने करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्येही बजावलं. म्हणजे आज इसुझू बसवलं तर गाडी जोरात पळेल, पण पळायला रस्ता नाही. नाही बसवलं तर २०३६ साली ती पन्नास वर्षांची होईल आणि पन्नास अश्वशक्तीनिशी सन्मानाने बाहेर पडेल. दादाने बोटं मोजली. तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा असेल. "चालेल," म्हणाला.

विजेवर करायचाही एक मार्ग होता. दिल्ली सरकारने २०२१मध्ये जुन्या डिझेल गाड्यांना मान्यताप्राप्त विद्युत किट बसवायची मुभा दिली. विजेच्या मोटारीला इंजिनासारखी आधी गरगर फिरण्याची गरज नसते, पहिल्या क्षणालाच पूर्ण रेटा मिळतो. खरी मसल कार हवी तर हाच शहाणपणाचा रस्ता, हे मला मान्य आहे. पण आमची गाडी पेट्रोलची, आणि त्या मोकळ्या बॉनेटखाली तो एकटा हंडाही नसेल ही कल्पनाच मला सोसवेना. हा युक्तिवाद नाही, हट्ट आहे.

मग ठरलं असं की जे उलटं फिरवता येईल तेच बदलायचं. उदाहरणार्थ ठिणगी. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये सीबी पॉइंट असतात, धातूच्या दोन टिकल्या, उघडल्यावर मधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी. त्या मिटल्या की कॉइलमधून बारा व्होल्टचा प्रवाह वाहतो आणि चुंबकत्व साठतं. उघडल्या की प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि कोसळताना दुसऱ्या वेटोळ्यात वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब उठतो. वीज जन्मते ती तुटण्यातून. चार सिलिंडर, मिनिटाला ३००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या, आणि एवढ्याच वेळा त्या टिकल्यांची उघडझाप. हे सगळं एका छोट्या स्प्रिंगच्या भरवशावर सत्तर वर्षं चाललं. आम्ही त्या जागी चुंबकीय सेन्सर बसवला, झाकण तेच ठेवलं. बाहेरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. जुने पॉइंट दादाने डबीत जपून ठेवलेत.

सुटे भाग शोधायला आम्ही काश्मिरी गेटला जायचो. तिथल्या गल्ल्यांत तीन पावलांच्या दुकानात छतापर्यंत खोकी आणि मध्ये एक सरदारजी. आपण वस्तूचं नाव सांगायचं नाही, जुना तुकडा हातावर ठेवायचा. ते तो पालथा करून बघतात, वर न बघता पोऱ्याला आकडा सांगतात, आणि पोऱ्या दोन मिनिटांत तिसऱ्या गल्लीतून तो घेऊन येतो. कार्बोरेटरचं पॅकिंग, हेडचं गॅस्केट असंच मिळालं. दाराचं हँडल मिळेना, तेव्हा कुणीतरी मायापुरीचं नाव घेतलं. मायापुरीचा भंगारबाजार म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांचा समुद्र. मी तिथे जरा जपूनच वस्तू उचलत होतो. एप्रिल २०१०मध्ये याच बाजारात दिल्ली विद्यापीठातलं एक जुनं किरणोत्सर्गी यंत्र भंगार म्हणून पोहोचलं होतं, कामगारांनी ते तोडलं, आतला कोबाल्ट-६० उघडा पडला आणि एकाचा जीव गेला. भंगारात काय दडलंय हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. हँडल मिळालं, डाव्या दाराचं. आम्हाला उजवं हवं होतं.

आता पेट्रोल. कार्बोरेटर हे माझं सर्वांत आवडतं यंत्र, कारण त्यात वीज नाही, मेंदू नाही. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. ती हवा एका चिंचोळ्या गळ्यातून जाते. गळ्यात वेग वाढतो, वेग वाढला की दाब घटतो, आणि तो घटलेला दाब बारीक छिद्रातून पेट्रोल वर खेचतो. फुंकर मारून अत्तर उडवावं तसं. प्रमाण असं की एक वजन पेट्रोलला साधारण १४.७ वजनं हवा. हवा हलकी, म्हणून हिशेब घनफळात केला तर एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. एका लिटरच्या बाटलीमागे हवेने भरलेली एक छोटी खोली. दिल्लीत नोव्हेंबरात ती खोली कसली असते ते एअर फिल्टर उघडला की दिसतं.

अडचण आली ती पेट्रोलमध्येच. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला कमी हवा पुरते, मिश्रणाला १४.७ऐवजी साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. पितळेच्या छिद्राला कुठली अक्कल? ते पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतं, मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं आणि ठसकतं. उपाय म्हणजे जेट बदलायचा, छिद्र केसभर मोठं करायचं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं, म्हणून नळ्या आणि सील सगळं नवं. १९८६च्या गाडीत २०२५च्या उसाची सोय करावी लागली. आम्ही कोल्हापूरकडची माणसं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

रंगाचं काम हिवाळ्यात करू नका असं उस्तादजींनी तीनदा सांगितलं होतं. दादाने डिसेंबरात सुरू केलंच. पातळ रंगातलं द्रावक भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, आणि धुक्याच्या दिवसांत त्यावर हवेतली ओल बसते. सकाळी बॉनेटवर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका पडदा होता. सगळं घासलं आणि मार्चमध्ये पुन्हा केलं, तोच फिकट पिवळसर पांढरा.

उरले ब्रेक. खरं तर ते आधी करायचे असतात. पळवण्याची भाषा करणाऱ्यांनी एक हिशेब पाठ करून ठेवावा. बाराशे किलोची गाडी ताशी शंभरच्या वेगाने जाताना तिच्यात साडेचार लाख ज्यूलच्या वर गतीची ऊर्जा असते. थांबवायची म्हणजे ती सगळी उष्णता करून ब्रेकमध्ये ओतायची. एवढ्या उष्णतेत साधारण दीड लिटर पाणी उकळीला येतं, दहा जणांच्या चहाचं आधण, तेही काही सेकंदांत. आणि वेग शंभराचा एकशेवीस केला, म्हणजे वाढवला फक्त पाचवा हिस्सा, तर उष्णता चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. म्हणून इंजिन मोठं करण्याआधी ब्रेक मोठे करतात. आम्ही इंजिन मोठं केलं नव्हतं, तरी नळ्या, सिलिंडरांचे सील, मागचे ब्रेक शू, तेल, सगळं नवं घातलं. ब्रेकचं तेलही हवेतली ओल पितं. ओल प्यायलेलं तेल उतारावर उकळलं तर नळीत वाफ होते आणि पॅडल उशीत रुतावं तसं खाली जातं.

पाचव्या भेटीत इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा खोकलं, पेरूवरचे पोपट उडाले, मग ते लागलं एका लयीत. लांब धावेचा तो भारदस्त, थोडा आळशी आवाज. वहिनी ओट्यावर चहाचे कप घेऊन आल्या. उस्तादजी बाजूला उभे राहून कान देत होते. त्यांनी टायमिंग किंचित फिरवलं आणि मान हलवली.

घराच्या मागच्या भिंतीपासून फाटकापर्यंत अंगण आहे, त्यातली अर्धी लांबी गाडीच खाते. उरलेल्या पंधरा-वीस फुटांत दादाने पहिला गिअर टाकला, गाडी हलली, फाटकापाशी आली, आणि त्याने ब्रेक दाबला. थांबली. अगदी जागच्या जागी, नवी नळी, नवं तेल. तो काच खाली करून ओरडला, "ब्रेक बघितलास?"

मी मनातल्या मनात गणित केलं. वेग ताशी पाच किलोमीटर. या थांबण्यातून निघालेल्या उष्णतेने वहिनींच्या हातातला एक कप चहा दोन अंशांनीसुद्धा तापला नसता.

"एक नंबर," मी म्हणालो. त्याने गिअर उलटा टाकला आणि गाडी पेरूखाली मागे घेतली.